तिसऱ्या बाकावरचं पुस्तक

ऑर्गनचं बाकडं पुन्हा मागे सरकलेलं होतं.

आर्लिस त्वेतने अंगातला कोट काढायच्या आधीच ते पाहिलं. ती बुटकी बाई. खालच्या, पायाने वाजवायच्या पायपट्ट्यांपर्यंत पाय पोचायचे तर बाकडं अगदी पुढे ओढून घ्यावं लागायचं, आणि काल दुपारी सराव संपल्यावर आपण ते पुढेच ठेवलं होतं हे ती शपथेवर सांगायला तयार होती. आता ते चांगलं हातभर मागे होतं. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी लांब टांगांचं माणूस इथे येऊन बसलं होतं. नॉर्डाल लुथरन चर्चमध्ये ऑर्गनवर बसू शकेल असं लांब टांगांचं माणूस एकच होतं, आणि ते या घटकेला तिसऱ्या बाकावर हात जोडून साळसूदपणे बसलं होतं.

"लवकर आलात, ऑर्फा," आर्लिस म्हणाली.

"रस्ते बरे होते," ऑर्फा सोल्बर्ग म्हणाली.

यात संशय घेण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण आर्लिसच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला सप्टेंबरातच सुरुवात झाली होती, आणि आता जानेवारी आला तरी ती थांबायचं नाव घेत नव्हती.

ऑर्फाने या ऑर्गनवर उभा जन्म काढला होता. गावातल्या लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि त्याच लोकांचे अंत्यविधी तिने वाजवले. मग गुडघे गेले. उन्हाळा संपता संपता तिने कारभारी समितीला एका वाक्यात कळवलं, आणि पुढच्या रविवारी ती ऑर्गनवरून उठून तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. निरोप समारंभसुद्धा नको म्हणाली. समिती धावत आर्लिसकडे आली, कारण बीटच्या शेतांमध्ये वसलेल्या त्या गावात पियानो शिकवणारी ती एकटीच. पियानो येतो त्याला ऑर्गन येतोच अशी लोकांची समजूत असते. ज्याला सायकल येते त्याच्या हाती ट्रॅक्टर द्यावा, तशातला हा प्रकार.

पियानोची पट्टी दाबली की स्वर उमटतो आणि आपला आपण विरत जातो. उजव्या पायाने पेडल दाबून त्याला थोडं धरून ठेवायचं, एवढंच. ऑर्गनचं तसं नाही. बोट ठेवलं की तो ओरडायला लागतो, आणि बोट उचलेपर्यंत ओरडतच राहतो. शिवाय आर्लिसचा उजवा पाय सवयीने पियानोचं पेडल शोधायला जायचा, आणि नेमकं त्या जागी ऑर्गनचं आवाज वाढवायचं पेडल. पहिल्याच रविवारी प्रभुभोजनाच्या शांत गीतात ऑर्गन असा गरजला, की मागे डुलक्या घेणारे दोघंजण आमेन म्हणून मोकळे झाले.

त्या दिवशी तळघरातल्या कॉफीच्या वेळी ऑर्फा तिच्यापाशी आली, कपातली कॉफी ढवळली आणि म्हणाली, "वेगळं वाटलं."

बस. आर्लिसने तो शब्द घरी नेला आणि आजतागायत जपून ठेवला. मिनेसोटातल्या त्या भागात माणसं तोंडावर कुणाला वाईट म्हणत नाहीत. फार आवडलं तर 'वाईट नव्हतं' म्हणतात, आणि अजिबात आवडलं नाही तर 'वेगळं वाटलं' म्हणतात. तिथे एखाद्याचं घर जळालं तरी शेजारी 'यंदा जरा वेगळं गेलं' एवढंच बोलतील.

तरी आर्लिसने बाकडं सोडलं नाही. रोज दुपारी चर्चमध्ये जाऊन, हातमोजे घालून, थंडीत सराव केला. उजवा पाय ताळ्यावर आणला. डावा पाय खालच्या पायपट्ट्यांवर चाचपडत का होईना, फिरू लागला. आणि ऑक्टोबरात एका रविवारी तिच्या पाठीमागे सगळी मंडळी एका आवाजात गायली. अशी गायली, की तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. तिने सगळा जन्म लहान मुलांना सरगम शिकवण्यात घालवला होता, आणि ती मुलं हॉकीचे बूट पायात बसायला लागले की पियानोला रामराम ठोकायची. मोठी माणसं तिच्या बोटांवर विसंबून गातायत, हे सुख तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. ते तिला सोडायचं नव्हतं. दर रविवारच्या छापील पत्रकात तिच्या नावापुढे कंसात 'तात्पुरत्या' असं असायचं. तो कंस तिच्या डोळ्यांत सलायचा. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी वार्षिक सभा होती. तो कंस काढायचा की दुसरं कुणी शोधायचं, हे तिथे ठरणार होतं.

आणि ऑर्फाला आपली जागा परत हवी आहे, अशी आर्लिसची पक्की खात्री झाली होती.

पुरावा आरशात होता. ऑर्गन पुढे डावीकडे. वाजवणाऱ्याची पाठ मंडळीकडे. पास्टर काय करतायत ते दिसावं म्हणून ऑर्गनवर छोटासा आरसा लावलेला. त्यात पास्टरबरोबर तिसरं बाकही दिसायचं. पहिली दोन बाकं कायम रिकामी असतात. पुढे बसायची हिंमत कुठल्या लुथरन माणसात असते? त्यामुळे तिसरं बाक हेच पहिलं, आणि मागच्या झाडून सगळ्यांना ऑर्फाचा पांढरा अंबाडा आणि तिचे हात दिसायचे.

दर कडव्याच्या शेवटी ऑर्फा हातातलं गीतपुस्तक चार बोटं वर उचलायची आणि खाली आणायची. आर्लिसचा शेवटचा स्वर अजून पट्टीवर दाबलेला असायचा, तेवढ्यात. न चुकता, दर कडव्याला. आर्लिसने डोळ्यांत तेल घालून पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. त्या क्षणी मागच्या लोकांच्या नजरा आपापल्या पुस्तकात नसायच्या. त्या ऑर्फाच्या पुस्तकावर असायच्या.

"नॉरिस, ऑर्फा पुस्तक का उचलते?" तिने एका रविवारी जेवताना नवऱ्याला विचारलं.

नॉरिस काट्याने बटाटा कुस्करत होता. "जड असेल."

"जड वस्तू माणूस खाली ठेवतो. वर उचलत नाही."

"मग हलकं असेल."

"तू माझा नवरा आहेस की तिचा वकील?"

"मी जेवतोय," नॉरिस म्हणाला, आणि खरोखरच जेवत राहिला.

"मी सांगते का उचलते. 'आटप बाई, रेंगाळू नकोस' असं सगळ्या मंडळीला दाखवते ती. माझ्या पाठीमागे. आणि मी नसताना येऊन बाकड्यावर बसते ते वेगळंच."

"तिला जिना चढायला रेलिंग लागतं, आर्लिस. ती पायपट्ट्या काय वाजवणार?"

"तेच तर दाखवते आपल्याला. रेलिंग."

यावर नॉरिसने मीठ मागितलं.

पुढच्या रविवारी आर्लिसने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कोट टांगायच्या खोलीत ऑर्फा आणि समितीचा अध्यक्ष वेंडेल एकमेकांच्या कानाशी लागले होते. आर्लिस दिसताच वेंडेलने घसा साफ केला आणि या वर्षी बर्फ कमी पडलं असं काहीतरी बोलला. बाहेर बर्फ खिडकीपर्यंत आलेलं होतं.

आणि त्याच दिवशी बूट सापडले. बाकड्याची फळी उघडते, तिच्या आत जुनी सुरावटींची पुस्तकं ठेवलेली असतात. तळाशी, एका मऊ फडक्यात गुंडाळलेले, काळे, पातळ तळव्याचे बूट. ऑर्गनवर घालायचे. ऑर्फाचेच, कारण गावात एवढ्या मोठ्या पायांची बाई दुसरी नव्हती. रुमाल टाकून जागा धरून ठेवावी तसे ते तिथे पडलेले. चांगलं पॉलिशही केलेलं होतं. सोडून गेलेलं माणूस बुटांना पॉलिश कशाला करेल?

आर्लिसच्या डोक्यात सणक गेली. तिने ते फडक्यासकट उचलले आणि सरळ तळघरात गेली. सभेला आठवडा उरला होता. ऑर्फा भिंतीशी खुर्चीवर कॉफी घेत बसली होती, आजूबाजूला चारचौघं.

"तुमचं काहीतरी वर विसरलं होतं, ऑर्फा," आर्लिस गोड आवाजात म्हणाली आणि बूट तिच्या मांडीवर ठेवले. "म्हटलं, देऊन टाकावं. आता तिथे तुम्हाला त्यांचा उपयोग नाही ना."

कुणीतरी चमचा बशीत ठेवला. ऑर्फाने फडकं उघडलं, बूट पाहिले आणि फडकं पुन्हा नीट गुंडाळलं.

"बरं," ती म्हणाली. "जसं तुला ठीक वाटेल."

आर्लिसला वाटलं, जिंकलं. घरी जाताना गाडीत ती गुणगुणतसुद्धा होती. नॉरिस रस्त्याकडे बघत होता.

सभेच्या रविवारी बाकडं पुन्हा मागे होतं. पण या वेळी तिने ते मागे जाताना पाहिलं. चर्चची साफसफाई बघणारा मिलो व्हॅक्यूम घेऊन तिथे वाकला होता. उजव्या हाताने व्हॅक्यूम आणि डाव्या हाताने बाकडं, असं त्याचं काम चाललं होतं.

"तू सरकवतोस होय हे?" आर्लिसने विचारलं.

"खाली धूळ साठते," मिलो म्हणाला. "दर आठवड्याला सरकवतो. पुढे ढकलायचं राहून जातं. काही बिघडलं का?"

"नाही, नाही," आर्लिस म्हणाली. तिने आरशात पाहिलं. तिसरं बाक रिकामं होतं.

गुडघे दुखत असतील, येईल उशिरा, असं तिने स्वतःला सांगितलं. बाई न आलेलीच बरी, असंही सांगितलं. पास्टरांनी हात वर केले, मंडळीने गीतपुस्तकं उघडली, आर्लिसने पहिलं गीत सुरू केलं.

पहिलं कडवं ठीक गेलं. दुसरं सुरू झालं आणि मागे काहीतरी फाटलं. ऑर्गन पुढच्या ओळीवर, आणि निम्मी मंडळी अजून मागच्या ओळीचा शेवटचा शब्द ओढत होती. काहींनी घाईने श्वास घेतला आणि मधूनच घुसली. काहींनी एक शब्द गाळला. तिसऱ्या कडव्याला बायका पुढे आणि पुरुष मागे. आर्लिसने आवाज वाढवला, तशी मंडळी गोंधळून आणखी हळू झाली. आरशात तिला लोक दिसत होते. ते पुस्तकात बघत नव्हते. ऑर्गनकडेही बघत नव्हते. सगळे त्या रिकाम्या बाकाकडे बघत होते, रस्त्यावरचा दिवा गेला की माणसं खांबाकडे बघतात तसे. शेवटच्या गीताला मंडळी जवळजवळ गप्पच झाली. आर्लिस एकटी वाजवत राहिली. तिला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

सभा तळघरात, जेवणाबरोबर. बटाट्यांचा थर देऊन ओव्हनमध्ये भाजलेलं हॉटडिश, जेली, लिंबाच्या गोड वड्यांसारखे बार. वेंडेल उभा राहिला आणि बराच वेळ हातातला कागद बघत राहिला.

"ऑर्गनचा विषय आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे आर्लिसचं नाव होतं. कायम करावं म्हणून ऑर्फानेच सुचवलेलं. दोन-तीनदा मला कोपऱ्यात गाठून सांगितलंन तिने. पण आज," त्याने घसा साफ केला, "आज जरा वेगळं वाटलं. ईस्टरपर्यंत थांबू या, म्हणतो मी."

सगळ्यांनी हॉटडिशकडे बघून माना हलवल्या. आर्लिसने हातातला लिंबाचा बार अर्धाच बशीत ठेवून दिला.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"पुस्तकाचं."

नॉरिसने गाडी सुरू केली, काचेवरचं बर्फ वितळायची वाट बघितली. "सगळ्यांना ठाऊक आहे. ती उचलते तेव्हा आम्ही स्वर सोडतो आणि श्वास घेतो. मग तुझ्याबरोबर सुरू करता येतं. तू मध्ये जागाच ठेवत नाहीस ना."

"मी विचारलं तेव्हा जड असेल म्हणालास."

"तू विचारलंस ती का उचलते." त्याने गाडी रस्त्याला लावली. "आता बायकोच्या तोंडावर कसं सांगू, की तू आम्हाला श्वास घेऊ देत नाहीस? आणि चाललं होतं की बरं."

आर्लिसने खिडकीकडे तोंड फिरवलं. ऑक्टोबरातला तो रविवार तिला आठवला. मंडळी एका आवाजात गायली होती तो. तो तिचा नव्हताच. तो ऑर्फाचा होता. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ऑर्फाच्या दारात उभी होती. ऑर्फाने दार उघडलं, काही न विचारता कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि बटाट्याची पातळ पोळीसारखी लेफ्से बशीत काढली. तिथल्या स्वयंपाकघरात माणसाला खाऊ घातल्याशिवाय भांडतासुद्धा येत नाही.

"मला वाटलं, तुम्हाला तुमची जागा परत हवी आहे," आर्लिस म्हणाली.

"या गुडघ्यांनी?"

"बाकडं मागे सरकलेलं असायचं."

"मिलो सरकवतो. माझ्या वेळीही सरकवायचा. मला ते लांबच लागायचं, म्हणून मी कधी बोलले नाही."

"आणि बूट?"

"ऑर्गन वाजवणारीला बूट लागतात. नुसत्या पायमोज्यांत पट्टी कळत नाही. तुला मोठे होणार हे ठाऊक होतं. म्हटलं, पुढे कापूस कोंबेल." ऑर्फाने लेफ्सेला लोणी लावलं. "पॉलिश करून ठेवले होते. तू परत दिलेस, तेव्हा वाटलं, हिला आता जमतंय, म्हातारीची लुडबुड नको झालीय. म्हणून घरी बसले."

"मग मला सांगितलं का नाही? पहिल्याच दिवशी? 'वेगळं वाटलं' म्हणालात आणि निघून गेलात."

ऑर्फाने सुरी पुसून बाजूला ठेवली. "मी नवी होते तेव्हा जुनी ऑर्गनवाली माझ्या मानगुटीवर उभी असायची. दर रविवारी. एवढीशी चूक झाली की मंडळीसमोर च्यक् करायची. मी घरी जाऊन रडायचे. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्यानंतर जी येईल तिला मी एक शब्द बोलणार नाही." तिने कपांत कॉफी ओतली. "तेही चुकलंच म्हणायचं. बोलायला हवं होतं."

"आता बोला," आर्लिस म्हणाली. "वाईट बोला. मला चालेल."

"वाजवताना गात जा."

"मला गळा नाही, ऑर्फा."

"गळा कोण मागतंय? गाणाऱ्याला श्वास लागतो. तुझा श्वास संपेल तिथे हात उचल. पियानोचा स्वर आपला आपण विरतो, म्हणून हात उचलायचं तुझ्या लक्षातच येत नाही. ऑर्गन आपण होऊन थांबत नाही. त्याला थांबवावं लागतं."

"आणि उचलल्यावर कुणी परत आलंच नाही तर?"

"येतात," ऑर्फा म्हणाली आणि बूट तिच्यासमोर सरकवले. "पण ती भीती जात नाही. माझीही कधी गेली नाही."

पुढच्या रविवारी आर्लिसने बुटांच्या टोकात कापूस कोंबला, बाकडं मुकाट्याने पुढे ओढलं आणि पत्रकातल्या कंसाकडे बघायचं टाळलं. ऑर्फा तिसऱ्या बाकावर होती. तिच्या हातात पुस्तक होतं. आर्लिसला जरा धीर आला, आणि त्या धीराचा रागही आला.

गीत सुरू झालं. आर्लिस पुटपुटत गाऊ लागली. आवाज असा चिरका, की तिचं तिलाच हसू आलं असतं, पण श्वास पुरवण्यात हसायला सवड नव्हती. पहिल्या कडव्याचा शेवटचा शब्द आला. तिचा श्वास संपला. तिने दोन्ही हात उचलले आणि पायही.

ऑर्गन थांबला. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये तळघरातल्या गरम हवेच्या भट्टीची घरघर ऐकू आली. संपलं, आर्लिसला वाटलं. सगळ्यांना वाटणार की ही विसरली.

मग तिच्या पाठीमागे एक आवाज झाला. एवढे महिने तिने तो कधीच ऐकला नव्हता, कारण तिने त्याला जागाच दिली नव्हती. सगळ्या मंडळीने एकदम श्वास घेतला होता. तिने पट्ट्यांवर हात टेकवले आणि सगळे तिच्याबरोबर आले, बायका, पुरुष, मागे जाडा आवाज लावणारा नॉरिससुद्धा.

कडवं संपता संपता तिने आरशात बघितलं. जुनी खोड, इतक्यात कुठली जायला. ऑर्फाचं पुस्तक तिच्या मांडीवर मिटून पडलेलं होतं आणि त्यावर तिचे दोन्ही हात होते. ती तोंडपाठ गात होती. आणि तिच्या मागच्या बाकांवरचे लोक आता तिच्याकडे बघत नव्हते. ते आर्लिसच्या पाठीकडे बघत होते, ती केव्हा हात उचलते याची वाट बघत.

आर्लिसने हात उचलले.